तिचं तिनेच लिहिलं

१२ ऑगस्ट

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं. पाकिटावरचं अक्षर बघून ‘आली का ही परत’ असं म्हणाली असशील. आले.

घाबरू नकोस. कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न नाही, कुठल्या कागदावर तुझी सही नको. तुझे भावोजी ठणठणीत आहेत. निवृत्त झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघरातले डबे लावत बसतात, त्यामुळे मला माझ्याच घरात साखर सापडत नाही. माझं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. पोरं अजून मला ‘तोफ’च म्हणतात, आणि मला अजून ते माहीत नाही असं त्यांना वाटतं.

पत्राचं कारण एवढंच, की मला फुशारकी मारायची आहे आणि ऐकायला कोणी उरलेलं नाही. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या असतात. गर्वाचं घर खाली म्हणतात, पण आपण तर तळमजल्यावरच वाढलो, आणखी खाली कुठे जाणार?

तर ऐक. नववीच्या इतिहासात अमेरिकेतली गुलामगिरी आहे. तिथल्या यादवी युद्धाच्या आधीची. पाठ्यपुस्तकात तिला साडेचार ओळी दिल्यात. मळे होते, कापूस होता, गुलाम होते, युद्ध झालं, गुलाम सुटले. शेवटच्या अर्ध्या ओळीत माणसं मोकळीसुद्धा झाली! मी एकोणतीस वर्षं या साडेचार ओळी शिकवल्या आणि दर वर्षी पोरांनी त्या तशाच्या तशा परीक्षेत ओकल्या. यंदा म्हटलं, बास.

ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात एक पुस्तक सापडलं. गुलामगिरीतून सुटलेल्या एका बाईचं आत्मचरित्र, आपल्या भाषेत आणलेलं. मुखपृष्ठ गेलेलं, पानं हात लावताच कुरकुरणारी. मी काय केलं माहीत आहे? अडतीस पोरं आणि एकच पुस्तक. झेरॉक्स काढून दिली तर ती दप्तरात जाते आणि तिथेच राहते. म्हणून प्रत्येकाला पानं वाटून दिली. आपापली पानं हाताने उतरवून आणायची आणि वर्गात उभं राहून वाचायची. त्या पानावर कोणी काही विचारलं तर उत्तर त्यानेच द्यायचं. ‘मॅडमना विचार’ चालणार नाही.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी बोटं दुखली म्हणून रडगाणं गायलं. दुसऱ्या आठवड्यात एक पान आलं. ही बाई सात वर्षांची असताना मालक मेला आणि त्याच्या मुलांनी इस्टेटीची वाटणी केली. चिठ्ठ्या टाकल्या. बाई एकाकडे आली, तिचा भाऊ दुसऱ्याकडे गेला. ते पान ज्या मुलाकडे होतं, तो वर्गातला सगळ्यात वात्रट. वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, “मॅडम, हे मी चुकून उतरवलंय का? वाटणीत माणसं?” मी म्हटलं, “नाही रे बाळा, बरोबर उतरवलंयस.” एकोणतीस वर्षांत त्या साडेचार ओळींवर असं कोणी काही विचारलं नव्हतं.

अभिमान वाटतो, धाकटे. सरळ सांगते.

तू अबोला का धरलास हे मला आता आठवतही नाही. तुलाही आठवत नसेल. एकतीस वर्षं म्हणजे काही थोडीथोडकी नाहीत.

ताई

---

२९ ऑगस्ट

धाकटे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंच नव्हतं, पण तुझे भावोजी रोज खाली जाऊन पेटी बघतात. मी सांगितलेलं नाही त्यांना.

आज माझी फजिती सांगते. माझ्या फजितीवर तू लहानपणी पोट धरून हसायचीस.

पुस्तकाच्या सुरुवातीला अकरा पानं आहेत, ती बाईची नाहीत. तीन प्रतिष्ठित गृहस्थांची पत्रं आहेत. मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, “ती प्रस्तावना, बिनकामाची, ती गाळा.” पण पानं वाटली त्या दिवशी एक मुलगी गैरहजर होती. वर्गप्रमुखाने तिला उरलीसुरली पानं दिली, म्हणजे नेमकी मी गाळलेली अकरा. तिने ती मुकाट्याने उतरवली. मुकाट्याने म्हणजे पाच दिवस. सहाव्या दिवशी हात वर.

या मुलीला आम्ही शिक्षक लोक ‘वकीलबाई’ म्हणतो. शेवटून दुसऱ्या बाकावर बसते, दोन वेण्या, आवाज बारीक, आणि प्रश्न असे की समोरच्याने पाणी मागावं.

“मॅडम, बाईच्या पुस्तकात बाईच्या आधी तीन पुरुष का बोलतात?”

मी सांगितलं. त्या काळी गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कित्येक ठिकाणी कायद्याने गुन्हा होता. ही बाई अक्षरं शिकली ती मालकाच्या चादरींवर लाल दोऱ्याने त्याच्या नावाची खूण भरता भरता. अशी बाई पुस्तक लिहील यावर लोकांचा विश्वास बसेना. गुलामांचे मालक तर म्हणणारच, की सगळं बनावट आहे. म्हणून त्या गृहस्थांनी लिहून दिलं, की आम्ही हिला ओळखतो, ही सचोटीची आहे आणि हे हिचं हिनेच लिहिलं आहे.

“म्हणजे ते चांगले होते?”

“चांगलेच होते. गुलामगिरीच्या विरुद्ध होते. त्यासाठी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या.”

“मग त्यांनी आपलं शेवटी का नाही छापलं? आधी तिला बोलू द्यायचं की. कोणाला खोटं वाटलं तर तो मागे जाऊन बघेल.”

धाकटे, मी फळ्याकडे तोंड करून उगीचच सन लिहिला. तोही चुकला. पहिल्या बाकावरून कोणीतरी तो सांगितला.

मग जो वाद झाला! एक म्हणाला, साक्षीदार नसते तर पुस्तक छापलंच गेलं नसतं, मग आपण काय वाचलं असतं? दुसरी म्हणाली, चोरी केलेल्याला साक्षीदार लागावा, जिच्या घरी चोरी झाली तिला कशाला? वात्रट म्हणाला, तीन लोकांनी मिळून अकरा पानं घेतली आणि मुद्दा एकच, आमच्या मुख्याध्यापकांच्या भाषणासारखा. मी त्याला रागावले, पण तोंड पुस्तकामागे लपवून. घंटा झाली तरी कोणी उठेना. बाहेर गणिताच्या सरांनी दोनदा खाकरून दाखवलं.

वकीलबाई जाता जाता म्हणाली, “मॅडम, त्यांनी खरंच लिहिलं, तरी मला त्यांचा राग येतो. असं चालतं का?”

मी म्हटलं, चालतं. त्यानंतर घरी आले आणि बराच वेळ पर्स खांद्यालाच लावून बसले. का, ते विचारू नकोस. वय झालं, दुसरं काय.

ताई

---

२० सप्टेंबर

धाकटे,

पुस्तक संपलं. शेवटचं पान ज्या मुलीचं होतं तिने ते दोनदा वाचलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

मग मी निबंध दिला. ‘माझ्या घरातल्या एका माणसाचं काम.’ अट एकच, मोठे शब्द नकोत. आणि एक गोष्ट बजावून सांगितली, की आपल्या घरातल्या कष्टांना उठसूट गुलामगिरी म्हणायचं नाही. कष्ट सगळेच करतात. माणूस विकता येणं, त्याचं लेकरू जन्मतःच दुसऱ्याच्या मालकीचं असणं, ही वेगळी गोष्ट. शब्द स्वस्त केला की ज्यांनी ते भोगलं त्यांच्याजवळ काही उरत नाही.

सदतीस निबंध बरे, काही फार बरे. वात्रटाने आजोबांवर लिहिलंय आणि शेवटी स्वतःच रडलाय, पानावर डाग आहे, विचारलं तर म्हणतो चहाचा.

आणि एक वकीलबाईचा.

मी तो टेबलाशी बसून वाचला, मग उभी राहून वाचला. तुझ्या भावोजींना दिला तर ते डबे लावायचं सोडून खुर्चीत बसले. काय लिहिलंय ते तुला सांगणार नाही. मी सांगितलं तर तो माझा होईल, आणि तो माझा नाही. एवढंच सांगते, तिच्या आईवर आहे. मी त्यातला एक स्वल्पविराम हलवलेला नाही. लाल पेन उघडलं होतं. टोपण परत लावून टाकलं.

सगळ्या शाळांची मिळून एक निबंध स्पर्धा असते, परीक्षक मंडळाची. पहिल्या तिघांचे निबंध छापून प्रत्येक शाळेत जातात. मी तो पाठवला. तो सगळ्या शाळांत वाचला जावा, खाली तिचं नाव असावं आणि दुसरं काही नसावं, एवढं एकच मला या शेवटच्या वर्षात हवंय. निरोप समारंभात शाल-नारळ नाही दिला तरी चालेल.

ताई

---

९ ऑक्टोबर

धाकटे,

मंडळाचं पत्र आलं. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी ओळखलं.

“मॅडम, अभिनंदन. आपल्या मुलीचा निबंध पहिल्या तिघांत आहे. फक्त एक छोटीशी गोष्ट.”

छोटीशी गोष्ट अशी: ‘लेखन विद्यार्थिनीच्या वयाच्या व पार्श्वभूमीच्या मानाने प्रौढ वाटते. तरी सदर निबंध तिने आपल्या मार्गदर्शनाखाली लिहिल्याचे विषयशिक्षकांचे प्रमाणपत्र अठरा तारखेपर्यंत जोडावे. ते निबंधाच्या वर छापले जाईल.’

वर! निबंधाच्या वर!

“दोन ओळींचं तर काम आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “मीच टाइप करून ठेवलंय. तुम्ही सही करा.”

मी म्हटलं, मुलीला विचारते. ते म्हणाले, “मुलीला काय विचारायचं?”

मी विचारलं. वकीलबाईने पत्र वाचलं, ‘पार्श्वभूमीच्या’ या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “मॅडम, नका जोडू. तुमचा राग नाही. पण ती अकरा पानं मी हाताने उतरवलीत.”

मी म्हटलं, “बाळ, मग ते काढून टाकतील. छापणार नाहीत.”

“माहीत आहे.” मग पत्र परत देत म्हणाली, “तुम्ही सही केलीत तर मी नाही म्हणणार नाही. तुम्ही मोठ्या आहात.”

एवढं बोलून गेली वर्गात. म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर.

संध्याकाळी मी तिच्या आईला भेटायला गेले. रुग्णालयाच्या मागे धुलाईघर आहे. आत वाफ इतकी, की चष्मा काढावा लागला. ती लांब टेबलावर चादरींना इस्त्री करत होती. चादरीचे चार कोपरे तिने न बघता जुळवले. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सही केली तर छापून येईल?” मी म्हटलं, येईल. “नाही केली तर?” नाही येणार. तिने आणखी एका चादरीची घडी घातली. “मला नका विचारू मॅडम. लिहिलंय तिने.”

धाकटे, आता ऐक. मी पहिल्या पत्रात लिहिलं की तू अबोला का धरलास ते मला आठवत नाही. खोटं लिहिलं. मला सगळं आठवतं. खाई त्याला खवखवे, आणि मला एकतीस वर्षं खवखवतंय.

तू नववीत होतीस. मी त्याच शाळेत नवी लागलेली, अजून कायम झाले नव्हते. तू बाबांवर लिहिलंस. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात थरथरायला लागले, तरी तो रोज सकाळी डोळ्याला भिंग लावून रिकाम्या टेबलाशी बसतो, हे तू लिहिलंस. चौदा वर्षांची होतीस. तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं आणि विचारलं, “एवढीशी पोर असं लिहील? खरं सांगा.” आणि मी म्हटलं, “मी थोडा हात फिरवलाय.”

हात फिरवलाय! मी तुझा निबंध तोपर्यंत वाचलासुद्धा नव्हता. तिथे त्यांच्या टेबलापाशी उभी राहून पहिल्यांदा वाचला.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले, की तुझा निबंध अंकातून वगळू नये म्हणून मी तसं म्हटलं. लोकांनाही तेच सांगितलं, आईलाही. तेही थोडं खरं आहे. नोकरी कायम व्हायची होती, तेही खरं आहे. पण त्याच्या तळाशी जे आहे ते आज लिहून टाकते. मुख्याध्यापिका माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या, आणि मला ते आवडलं. मला वाटलं, लोकांना वाटू दे की मला असं लिहिता येतं. मला नाही येत. कधीच आलं नाही. तुला येत होतं.

वार्षिक अंकात तुझ्या नावाखाली ‘मार्गदर्शन’ म्हणून माझं नाव छापून आलं. तू घरी कात्री घेतलीस आणि ते पान कापून काढलंस, सरळ रेषेत, पट्टी धरून. मी विचारलं तर म्हणालीस, “तुझंच आहे ना? ठेव.” त्यानंतर तू चार ओळींच्या वर काही लिहिल्याचं मला माहीत नाही. नकाशे काढायला लागलीस. बाबा गेले तेव्हा आलीस, आई गेली तेव्हा आलीस, आणि दोन्ही वेळा माझ्याशी फक्त बॅगांबद्दल बोललीस.

ते टाइप केलेलं प्रमाणपत्र माझ्यासमोर आहे. अठरा तारीख आहे. सही केली तर पोरीचा निबंध सगळ्या शाळांत जाईल, डोक्यावर माझं नाव घेऊन. नाही केली तर कुठेच जाणार नाही.

तुला विचारायला हवं होतं असं वाटतं. पण तू काही सांगणार नाहीस, आणि का सांगावंस?

ताई

---

१९ ऑक्टोबर

धाकटे,

काल मंडळाच्या कार्यालयात जाऊन आले. तुझे भावोजी सोबत येतो म्हणाले. मी म्हटलं, साक्षीदार नको.

दुसऱ्या मजल्यावरची खोली, लोखंडी कपाटं, त्यांच्यावर छतापर्यंत निबंधांचे गठ्ठे. टेबलामागे तीन परीक्षक. माणसं वाईट नव्हती. अध्यक्षांनी तर उठून नमस्कार केला, म्हणाले, “निबंध वाचून आम्ही थक्क झालो हो. एवढी सही झाली की काम झालं.”

मी विचारलं, “किती निबंध आले यंदा?”

“एकशे तेरा.”

“बाकीच्या एकशे बारांना प्रमाणपत्र मागितलं?”

ते जरा चाचरले. “नाही. ते तसे... वयाला साजेसे होते.”

“म्हणजे वाईट लिहिलं की विश्वास, आणि चांगलं लिहिलं की साक्षीदार आणा.”

दुसऱ्या परीक्षक बाई म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. हे मुलीच्याच भल्यासाठी आहे. तुमच्यासारख्या ज्येष्ठ शिक्षिकेच्या सहीला वजन असतं.”

धाकटे, तिथे मला हसू आलं. मी म्हटलं, “बाई, त्या सहीचं वजन मीच तुम्हाला सांगते.” आणि सांगितलं. सगळं. तू, बाबा, भिंग, मुख्याध्यापिका, ‘हात फिरवलाय’. तुझं नाव घेतलं आणि माझंही. “एकतीस वर्षांपूर्वी मी न वाचलेल्या निबंधावर हक्क सांगितला. तेव्हा शाळेने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण मी शिक्षिका होते. आज तुम्ही खऱ्या मुलीवर ठेवत नाही, कारण ती इस्त्रीवालीची मुलगी आहे. माझी सही कवडीमोलाची आहे. तिचं नाव पुरेसं आहे. ठेवायचा तर तिच्यावर विश्वास ठेवा.”

तिसरे परीक्षक टाचणीने कागद टोचत बसले होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले, आणि वाईट वाटून म्हणाले, “मॅडम, मग मंडळाला हा निबंध विचारात घेता येणार नाही. नियम आहे.”

“मग नका घेऊ,” म्हटलं, आणि निबंध मागून घेतला. पिशवीत नाही टाकला. हातात धरून घरी आणला.

आज सकाळी वकीलबाईला वर्गाबाहेर बोलावलं.

“मॅडम, हरलो का?”

“हो गं.”

“मग तुम्ही हसताय का?”

मी निबंध तिच्यापुढे धरला. तिने निबंध घेतला, नीट दुमडला आणि दप्तरात ठेवला. मग ‘थँक्यू’ म्हणाली. या पोरीने आजवर मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं, फक्त ‘पण मॅडम’ म्हटलं होतं. छापून न आलेल्या निबंधाचा इतका गर्व कोणाला झाला असेल तर तो मला. मी जिन्यात उभी राहून रडले आणि शिपायाला सांगितलं, सर्दी आहे.

दुपारी वर्गात शिरले तर टेबलावर कागद. अडतीस सह्या. ‘आम्ही नववी ब चे विद्यार्थी प्रमाणित करतो, की आमच्या मॅडम इतिहास स्वतःच शिकवतात. आम्ही त्यांना कोणतेही मार्गदर्शन केलेले नाही. फक्त एकदा सन चुकला तेव्हा सांगितला.’ अक्षर वात्रटाचं. मी त्याला उभं केलं आणि शिक्षा म्हणून आणखी एक पान उतरवायला दिलं. तो खूश झाला, गाढव.

आणखी एक काम केलं. शाळेच्या यंदाच्या वार्षिक अंकासाठी चार ओळी लिहून दिल्या. ‘एकतीस वर्षांपूर्वीच्या अंकात पान चौदावर छापलेल्या निबंधाखाली मार्गदर्शन म्हणून माझे नाव आहे. ते खोटे आहे. त्या निबंधातला एकही शब्द माझा नव्हता. निबंध लेखिकेचा होता.’ मुख्याध्यापक कपाळाला हात लावून म्हणाले, “मॅडम, शेवटचं वर्ष आहे तुमचं. कशाला हात दाखवून अवलक्षण?” मी म्हटलं, “सर, छापा. नाहीतर निरोप समारंभाच्या भाषणात तोंडी सांगेन, आणि माझं भाषण किती लांबतं ते तुम्हाला माहीत आहे.” छापतायत.

तुझ्याकडून मला माफी नको. मागायची लाज वाटते म्हणून नाही, ती तर मागतेच आहे. पण ती द्यायचं ओझं तुझ्यावर नको. तुला कळावं एवढंच.

ताई

---

७ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं.

तुझे भावोजी जिन्यावरून पळत आले, या वयात. दोन ओळी आहेत. मी त्या किती वेळा वाचल्या ते सांगणार नाही. ‘ताई, त्या मुलीचा निबंध पाठव. पुढे-मागे तुझं काही नको.’

अक्षर बदललेलं नाही तुझं.

वकीलबाईची परवानगी घेतली. कोणाला पाठवायचाय ते सांगितलं, का तेही सांगितलं. तिने विचार केला आणि स्वतःच्या हाताने नवी प्रत करून दिली. म्हणाली, “पाठवा. पण फार चांगला आहे वगैरे आधी लिहू नका, मॅडम. तेसुद्धा प्रमाणपत्रच.”

म्हणून दोन पाकिटं करतेय. हे माझं. दुसऱ्यात फक्त तिचा निबंध आहे. त्याच्यावरचा पत्तासुद्धा तुझ्या भावोजींनी घातलाय. ते आधी उघड. हे नंतर वाचलंस तरी चालेल, नाही वाचलंस तरी चालेल.

ताई

---

इयत्ता नववी, तुकडी ब

माझ्या घरातल्या एका माणसाचं काम

माझी आई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. पण मी तिच्या आधीच्या कामाबद्दल लिहिणार आहे. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, “त्यात काय लिहिण्यासारखं?”

आई नऊ वर्षांची असताना एका मोठ्या घरी कामाला राहिली. तिथे ती अकरा वर्षं होती. त्या घरातल्या सुनेचं आणि आईचं नाव एकच होतं. हाक मारली की दोघी ओ द्यायच्या. म्हणून पहिल्याच आठवड्यात आईचं नाव बदललं. सुनेचं बदललं नाही. नवीन नाव त्यांच्या आधीच्या कामवालीचं होतं, त्यामुळे घरातल्यांना काही नवीन लक्षात ठेवावं लागलं नाही.

आईचा जन्माचा दाखला मालकिणीच्या कपाटात होता. हरवू नये म्हणून. आईने तो दोनदा मागितला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “तुला कशाला हवाय? कुठे जायचंय?” आईला उत्तर देता आलं नाही, कारण तिला खरंच कुठे जायचं नव्हतं. तिला तो फक्त बघायचा होता. त्यावर तिचं नाव होतं.

आम्ही वर्गात गुलामगिरीतून सुटलेल्या एका बाईचं आत्मचरित्र वाचलं. वाचताना मला आई आठवली. पण मी आईला गुलाम म्हणणार नाही. तिला कोणी विकलं नाही. तिच्या भावाला वाटणीत कोणी नेलं नाही. ती निघून गेली असती तर तिला पकडून परत आणायचा कायदा नव्हता. मी जन्मले तेव्हा मी कोणाच्या मालकीची झाले नाही. त्या बाईला मुलगी झाली असती तर ती जन्मतःच मालकाची झाली असती. हा फरक फार मोठा आहे आणि मी तो पुसणार नाही. पुसला तर त्या बाईचं दुःख मी माझ्या निबंधासाठी उचलून आणल्यासारखं होईल. आईचं दुःख तेवढं मोठं नव्हतं. पण जेवढं होतं तेवढं तिचं होतं.

विसाव्या वर्षी आईने दाखला तिसऱ्यांदा मागितला. या वेळी ती म्हणाली, दाखला मिळेपर्यंत मी चहा करणार नाही. आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिली. त्या घरात सात माणसं होती आणि एकालाही चहा करता येत नव्हता. साडेअकरा वाजता कपाट उघडलं.

शेवटी मी असं लिहिलं होतं, की मग माझी आई त्या घरातून पळून गेली. निबंध पूर्ण झाल्यावर मी तिला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. तिने सगळा ऐकला आणि म्हणाली, “एक चूक आहे. पळाले नाही. दुपारी बारा वाजता, पुढच्या दाराने, चप्पल घालून चालत गेले.”

मी ते दुरुस्त केलं आहे. या निबंधात मला एवढीच मदत झाली.